सुनेला सांगायचं आहे

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बस दीड तास उशिरा. लॉजवर पिशवी टाकली, तोंडावर पाणी मारलं आणि सरळ देवळांकडे निघालो.

ही वही कालच घेतली. चाळीस वर्षं लिफ्टदुरुस्ती केली, पण जॉबकार्डाशिवाय काही लिहिलं नाही — तारीख, दोष, उपाय, सही. आता मात्र डोक्यात धरवत नाही. लिहिलं तर निदान बोलायचं ते पाठ होईल.

तिकीट खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, नकाशा घ्या काका, अकरा देवळं आहेत, एका दिवसात होत नाहीत. मला एकच माणूस बघायचं होतं. तरी नकाशा घेतला.

आत भलंमोठं आवार. पूजाअर्चा कित्येक शतकांत नाही. समोर मोठं देऊळ, मागे जुळी देवळं, पलीकडे पायऱ्यांचं तळं, पार टोकाला एक अर्धवट राहिलेलं. मोठ्या देवळाच्या शिखराला तळापासून टोकापर्यंत परांची बांधलीये. वर सात-आठ पिवळी हेल्मेटं. त्यातलं एक तिचं. चालण्यावरून ओळखलं, डावा पाय जरा बाहेर टाकते. आमच्या जिन्यात ती पावलं कुणाची ते न बघता कळायचं.

माझी सून. मुलगा जाऊन चार वर्षं झाली आणि ती आमच्या घरातून जाऊनही जवळजवळ तेवढीच. गेली म्हणजे — आम्ही राहू दिलं नाही. त्यानंतर फोन नाही, पत्र नाही, काही नाही. गेल्या महिन्यात पेपरात फोटो आला. जुन्या देवळांची डागडुजी, आणि शिखरावरचा दगड साफ करणारी ही. कात्रण मी लिफ्टच्या एका जुन्या माहितीपुस्तकात लपवलं. तिथे बायको हात लावत नाही.

घरी सांगितलंय, जुन्या कामावरचे चौघं मिळून सहलीला चाललोय. चौघं कसले, मी एकटा आहे.

तिने खाली पाहिलंसं वाटलं. मी पटकन खांबाआड. चौसष्ट वर्षांचा घोडा आणि लपंडाव खेळतोय!

उद्या बोलायचंच.


बुधवार, १२ नोव्हेंबर

नाही बोललो.

सकाळी एका गाईडच्या घोळक्यात शिरलो. घोळक्यात असलं की माणूस दिसत नाही. गाईड सांगत होता, शिखरावरचा सगळ्यात वरचा दगड चाळीस टनांचा आहे, क्रेन नव्हती, कप्पी नव्हती, मग चढवला कसा? कुणी म्हणालं हत्ती, कुणी म्हणालं देवाची करणी. गाईडचं उत्तर — लांबूनच मातीचा उतार रचत आणला आणि दगड ओढत ओढत नेला, एकाच्या आयुष्यात झालं नाही, बापाने सुरू केलं, मुलाने संपवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी घोळका सोडला. बाजूच्या ओट्यावर बसलो.

इथला दगड बोटाने वाचता येतो. एका पट्टीवर नुसते कामकरी कोरलेत, कुणी टोपली वाहतोय, कुणी दोर ओढतोय, एक जण पाठीला हात लावून उभा. एवढ्या देवादिकांत हा पाठदुखीवाला कुणाला सुचला असेल! मुलाला दाखवला असता. तो म्हणाला असता, बाबा, हे तुम्हीच.

दुपारी ती चहाला फाटकाजवळच्या टपरीवर आली. मी दहा पावलांवर. वाक्य तयार होतं: "पोरी, मला तुला काही सांगायचं आहे." तोंड उघडलं आणि पाटीकडे वळलो. शिल्पांना हात लावू नये. शिल्पांवर बसू नये. शिल्पांवर लिहू नये. चार वेळा वाचली. मागे वळून पाहिलं तर ती परत परांचीच्या शिडीवर.

बारीक झालीये. केस कापलेत.

संध्याकाळी घरून हिचा फोन. जेवलात का, गोळी घेतली का, चौघांतला तो घोरणारा तुमच्याच खोलीत का? नाही म्हटलं, शेजारच्या. बरं झालं म्हणाली. एका थापेला चार टेकू लागतात. मग विचारलं, देवळं कशी आहेत? म्हटलं, मोठी आहेत.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज गेलोच नाही. पोट बिघडलंय असं लॉजवाल्याला सांगितलं. पोट ठणठणीत आहे.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तिकिटाच्या बाई म्हणाल्या, काल दिसला नाहीत काका. म्हणजे आता लोक ओळखायला लागले.

पार टोकाच्या अर्धवट देवळात येऊन बसलोय. इकडे कुणी फिरकत नाही. छत नाही, शिखर नाही. खांब उभे आहेत, काही गुळगुळीत, काही नुसते ठोकळे. भिंतीत एक हत्ती दगडातून निम्माच बाहेर आलाय. छिन्नीच्या खुणा ताज्या वाटतात. का थांबलं काम, कुणालाच माहीत नाही. एखाद्या सकाळी लोक आलेच नसतील.

इथेच लिहून टाकतो. कुठेतरी एकदा लिहायलाच हवं.

नऊ मजली इमारत होती. मी आणि मुलगा, आमचं नेहमीचं काम. तो पाचव्या मजल्यावरून आत शिरून लिफ्टच्या केबिनच्या टपावर. रुळांना ग्रीस लावायचं होतं. मी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये. मेन स्विच मी बंद केला होता. नियम साधा आहे, मीच शंभर जणांना शिकवला: स्विच लावण्याआधी खाली आवाज द्यायचा, "चालू करतोय", आणि खालून "करा" आल्याशिवाय हात लावायचा नाही. उत्तर आलं नाही तर दिवसभर थांबायचं.

खालून बोंबाबोंब चालली होती, कुणाचं तरी सामान अडकलं होतं. तेवढ्यात पाचव्या मजल्याचं दार आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं, बाहेर पडला. मी आवाज दिला नाही. स्विच लावला.

दार वाऱ्याने आपटलं होतं. तो अजून टपावरच होता, आणि लिफ्ट हलली.

मग मी स्विच परत बंद केला. आणि मग खाली धावलो. आधी स्विच, मग मुलगा. असा आहे मी.

चौकशीला आले त्यांना स्विच बंदच दिसला. कागदावर आलं: टपावर तोल जाऊन अपघात. त्याच्या फोनवर शेवटचा फोन सुनेचा. ती बिचारी खरं बोलली. सकाळी आमचं भांडण झालं होतं म्हणाली, मला या देवळांच्या कामावर नोकरी आली होती त्यावरून. झालं! शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळ्यांना कारण मिळालं. डोकं ठिकाणावर नव्हतं पोराचं, बायकोने फोनवर पिडलं.

एक दिवस स्वयंपाकघरात माझ्या बायकोने तिला विचारलं, "तू तेव्हा फोन केला नसतास तर माझा मुलगा आज असता की नाही?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायला आलो होतो. ग्लास हातात धरून उभा राहिलो, मग पाणी न पिताच बाहेर गेलो.

आठवड्याभरात तिने बॅग भरली. मी रिक्षापर्यंत बॅग उचलून दिली. तेवढंच केलं.

एक शाळेची सहल आलीये. मुलं हत्तीला हत्ती म्हणून ओरडतायत. उठतो.


शनिवार, १५ नोव्हेंबर

आज जे झालं ते माझ्या हातून झालं की आपोआप, कळत नाही.

सकाळी जुळ्या देवळांत गेलो. दोन्ही सारखीच म्हणतात, पण एकाला आतून वर जायला अरुंद जिना आहे, खांदे घासतात. वर एक दगडी झरोका. तिथून मोठ्या देवळाचं शिखर आणि परांची अगदी समोर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढी. म्हटलं, इथून तिला नीट बघून घेऊ आणि उद्याची बस पकडू. हो, ठरवलं होतं. पळून जायचं.

ती दगडावर पाणी फवारत होती आणि मऊ ब्रशने घासत होती, दात घासावेत तसं. शेवाळ निघालं की खालून एक चेहरा येत होता. मला तो बघायचा होता. पण डोळे सवयीने कप्पीवर गेले.

माल चढवायची कप्पी तिच्या डोक्याच्या जरा वर. चुन्याची पिंपं चढवत होते. दोर कप्पीवरून जाताना दर वेळी एकाच जागी अडखळत होता. चष्मा पुसून पाहिलं. दोराचे दोन पेड तुटून केसासारखे उभे राहिले होते. कप्पी अडकवलेली आकडीही उघडल्यासारखी वाटली. पिंप भरलेलं, आणि खाली तिच्या शेजारी आणखी दोघी.

जिना कसा उतरलो आठवत नाही. गुडघा फुटला.

मुकादम खाली खुर्चीत. त्याला सांगितलं, दोर बदला, आत्ता. तो हसला. म्हणाला, काका, तुम्ही देवळं बघा, आमचं आम्ही बघतो, गेल्याच महिन्यात तपासणी झालीये. मी म्हटलं, चाळीस वर्षं मी दोरच बघतोय. तो म्हणाला, आधी कार्यालयात अर्ज द्या. दुसरं पिंप लावायला लागले. ओढणाऱ्याच्या हातातला दोर मी धरला. धरलाच. मुकादम चिडला, दोन-तीन माणसं जमली, कुणी म्हणालं म्हातारा सरकलाय. मुकादमाने वर बघून हाक मारली, "मॅडम, जरा खाली या, इथे एक गृहस्थ त्रास देतायत."

दोर सोडून पळावं असं वाटलं. सोडला नाही.

ती उतरली. एक-एक पायरी. हेल्मेट काढलं. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या दोराकडे. चेहऱ्यावर काही नाही.

"काय झालंय दोराला?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. ती परत वर चढली, कप्पीपाशी गेली, बोट फिरवून पाहिलं. वरूनच म्हणाली, काम बंद, सगळ्यांनी खाली या.

मुकादमाचं तोंड उतरलं. नवा दोर सोमवारी येईल म्हणाला.

मग ती जवळ आली. चुन्याने पांढरे झालेले हात. "गुडघ्यातून रक्त येतंय, बाबा."

बाबा म्हणाली.

मला वाटलं आता सगळं बाहेर पडेल, पण मी गुडघ्याकडेच बघत राहिलो. तिने फर्स्ट एडच्या पेटीतून पट्टी काढून हातात दिली. स्वतः लावली नाही. म्हणाली, उद्या सुट्टी आहे, अकरा वाजता तळ्यावर या. आणि गेली.

हिचा फोन आला, घेतला नाही. पाच वेळा आला.


रविवार, १६ नोव्हेंबर

दुपार. खोलीवर. जसं झालं तसं लिहितो.

साडेदहालाच तळ्यावर पोचलो. चारी बाजूंनी पायऱ्या, खाली हिरवं पाणी. ती बरोबर अकराला आली. माझ्यापासून दोन पायऱ्या वर बसली. चेहरा दिसत नव्हता, ते सोयीचंच झालं.

पाठ केलेलं एक अक्षर आठवेना. म्हटलं, "स्विच मी लावला. आवाज न देता."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मला वाटलं, तिने नीट ऐकलं नाही. परत सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, ऐकलं मी. तो गेल्यावर चौथ्या दिवसापासून माहीत आहे."

त्या इमारतीचा वॉचमन तेव्हा गच्चीवर पाण्याची टाकी बघायला आला होता. त्याने मला स्विच लावताना पाहिलं, परत बंद करतानाही पाहिलं. त्याला झोप लागेना म्हणून तो तिला येऊन सांगून गेला. तिने त्याला सांगितलं, हे आता कुणाला बोलू नका.

मी विचारलं, का? चार वर्षं तू का ऐकून घेतलंस?

मग म्हणाली, "आईंना दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. तुमचं नाव कळलं असतं तर त्या राहिल्या कुणाजवळ असत्या? मला माहेर होतं, माझं काम होतं. त्यांना मुलगा गेल्यावर तुम्हीच होतात."

मी रडायला लागलो. ती थांबवायला आली नाही.

"मी काही देवी नाही," म्हणाली. "पहिलं वर्षभर रोज वाटायचं, बाबा येतील आणि बोलतील. मग वाटणं बंद झालं. मला तुमच्या चुकीचा राग नाही, चूक होते. त्या दिवशी आईंनी विचारलं आणि तुम्ही ग्लास घेऊन उभे राहिलात, त्याचा आहे. अजून आहे."

असू दे म्हटलं. राहू दे राग.

मग तिने ते सांगितलं जे मी कुणालाच कधी विचारलं नव्हतं. त्या शेवटच्या फोनवर भांडण नव्हतंच. भांडण सकाळी झालं होतं, फोन तर समेटाचा होता. तो म्हणाला, घे ती नोकरी, मी येतो मागून, जुन्या देवळांना लिफ्ट बसवतो. दोघं हसले. मग त्यानेच फोन ठेवला. ठेवताना म्हणाला, "ठेवतो, बाबा आवाज देतील आता."

हे मी लिहिलंय, पण वाचवत नाही.

तळ्यात कुणीतरी खडा टाकला. ती उठली, कपडे झटकले. निघता निघता विचारलं, आईंना सांगितलंत? नाही म्हटलं.

"मग मला सांगून काय झालं? मला माहीतच होतं."

पायऱ्या चढून गेली. वर जाऊन थांबली आणि म्हणाली, गुडघ्याची पट्टी बदला.


सोमवार, १७ नोव्हेंबर

बसमध्ये. अक्षर उड्या मारतंय.

सकाळी आवारात एक चक्कर मारली. नवा दोर आला होता, मुकादम स्वतः ओढून बघत होता. मला पाहून त्याने हात वर केला. ती वर होती, पाठमोरी. हाक मारली नाही.

आता घरी हिला. सांगायचं कसं? जेवणाआधी की नंतर? तिचं ब्लडप्रेशर. तिला काही झालं तर? न सांगितलं तर? चाळीस वर्षांचा संसार आहे, चहात साखर किती ते दोघांनी विचारायचं कधीच सोडून दिलंय. आणि त्याच घरात, त्याच टेबलावर रोज ती त्या पोरीला शिव्याशाप देते आणि मी पोळीचा तुकडा मोडत असतो. होय-होय करतो. कधी कधी मान हलवतो.

दर थांब्यावर वाटतं, उतरावं.

फोन आला. म्हणाली, कुठवर आलात, शनिवारी फोन का घेतला नाहीत, तो घोरणारा माणूस मला परवा बाजारात दिसला, तो तर इथेच आहे की. मी म्हटलं, घरी आल्यावर सांगतो. मग हळूच म्हणाली, "अहो, काय केलंत तुम्ही?"

अजून तीन तास आहेत.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

सांगितलं. काल, आल्या आल्या, चपला काढायच्या आधी. स्विच, दार, परत बंद केला ते, वॉचमन, तळं, शेवटचा फोन, सगळं. काही गाळलं नाही.

ती भिंतीला टेकून ऐकत होती. ओरडली नाही. रडलीही नाही. मधे एकदाच विचारलं, तिला कधीपासून माहीत होतं? चौथ्या दिवसापासून, म्हटलं. मग आत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. दाराला दोनदा कान लावला. कपाट उघडल्याचा आवाज, एवढंच.


बुधवार, १९ नोव्हेंबर

सकाळी बॅग घेऊन बाहेर आली. मला वाटलं, बहिणीकडे चालली, कायमची. मी विचारलं नाही. मला हक्क नाही.

चपला घालता घालता म्हणाली, "त्या देवळांची बस कुठून सुटते ते लिहून द्या. तुम्ही येऊ नका. तिच्यासमोर मला एकटीलाच उभं राहायचंय."

याच वहीचं पान फाडून दिलं.